राऊटरचा लाल दिवा काय सांगतो?

गेल्या महिन्यात आमच्या गटाचा कर्जाचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. शेवटचा दिवस. मोबाईलवर वायफायच्या रेघा पूर्ण दिसत होत्या, पण अर्ज काही जाईना. ज्या ताईंच्या घरी बसलो होतो, त्यांच्या मुलीवर आम्ही सगळ्या तुटून पडलो, "रील बघून तूच नेट संपवलंस!" पोर रडवेली झाली. मग कळलं, रस्त्याच्या खोदकामात वायर तुटली होती. अर्ज आम्ही मोबाईलच्या डेटावर भरला आणि पोरीची माफी मागितली. पण चार शब्द आधीच माहीत असते, तर तिला बोल लागला नसता.

आपल्या बारामती-इंदापूरला नीरा डावा कालवा 1885 पासून पाणी देतोय. चारी फुटली तर शेत कोरडं राहतं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. इंटरनेटचंही तसंच आहे.

फायबर म्हणजे आपला कालवा. केसासारख्या बारीक काचेच्या तारेतून माहिती प्रकाशाच्या रूपानं येते. ग्रामपंचायतींपर्यंत अशी तार नेण्याची योजना केंद्र सरकारनं 2011 साली मंजूर केली. तिलाच आज भारतनेट म्हणतात.

मोडेम म्हणजे चारीचं दार. बाहेरून आलेला प्रकाश तो आपल्या उपकरणांना कळेल असा करून घरात घेतो.

राऊटर म्हणजे पाटकरी. घरातल्या प्रत्येक मोबाईलला तो एक नंबर देतो आणि ज्याचं त्याला पोहोचवतो. त्या नंबरला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. बऱ्याच घरांत मोडेम आणि राऊटर एकाच डब्यात असतात.

वायफाय म्हणजे राऊटरपासून मोबाईलपर्यंतची बिनतारी वाट. ती तुषार सिंचनासारखी, जवळ भरपूर, लांब कमी. म्हणून वायफायच्या रेघा पूर्ण असल्या तरी इंटरनेट असेलच असं नाही. तुषार संच जागेवर आहे, पण कालवाच बंद आहे, असंही होतं.

आता नेट बंद पडलं तर काय करायचं? आधी दुसरा मोबाईल लावून बघा. तिथं चालत असेल, तर दोष पहिल्या मोबाईलचा. दोन्हीकडं बंद असेल, तर डब्यावरचे दिवे बघा. 'एलओएस' नावाचा दिवा लाल असेल, तर प्रकाश आपल्या घरापर्यंत येतच नाही. बटणं दाबत बसू नका, कंपनीला फोन करा आणि "एलओएस लाल आहे" एवढंच सांगा. लाल नसेल, तर डबा बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू करा. आतल्या खोलीत नेट मंद असेल, तर डबा घराच्या मध्यभागी, उंचावर, लोखंडी कपाटापासून लांब ठेवा. मोबाईलमध्ये एकाच वायफायची दोन नावं दिसली, तर लांबच्या खोलीत '5' लिहिलेलं सोडून दुसरं निवडा. पाच जोरात चालतं, पण भिंतीपलीकडं दमतं.

शेवटचा शब्द पासवर्ड. तो म्हणजे दाराचं कुलूप. डब्यामागच्या चिठ्ठीवरचा पासवर्ड तसाच ठेवू नका, बदलून घ्या. कनेक्शन आपल्या नावावर आहे. त्यावरून कुणी गैरप्रकार केला, तर चौकशी आपल्याच दारात येते.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घरच्या डब्यावरचे दिवे बघून या. आणि नेट बंद पडलं, तर पोरांवर ओरडण्याआधी दिवा बघा.