मुलग्यांची शारीरिक वाढ : कुठे थांबावे, कुठे धावावे

गर्भ साधारण सहा आठवड्यांचा होईपर्यंत मुलाच्या आणि मुलीच्या जननेंद्रियांत काही फरक नसतो. त्यानंतर वाय गुणसूत्रावरचा एसआरवाय हा जनुक कामाला लागतो. १९९० साली शोध लागलेल्या या जनुकाच्या इशाऱ्यावर वृषण तयार होतात, ते टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्रवू लागतात आणि तिसरा महिना संपता संपता शिश्न आणि अंडकोष आकार घेतात. वृषण मात्र तोवर पोटातच असतात. सातव्या-आठव्या महिन्यात ते जांघेतल्या वाटेने खाली सरकतात आणि जन्मापूर्वी अंडकोषाच्या पिशवीत येऊन बसतात. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते, म्हणून ही जागा शरीराबाहेर आहे.

पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांपैकी दोन ते चौघांत एखादा वृषण खाली उतरलेला नसतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांत हे प्रमाण बरेच जास्त असते. यातले बरेचसे पहिल्या काही महिन्यांत आपसूक उतरतात. सहा महिन्यांनंतरही पिशवी रिकामी राहिली, तर ते आपोआप उतरण्याची आशा फारशी उरत नाही. अशा बाळावर सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रिया करावी लागते. वृषण वरच राहिला तर पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते आणि कॅन्सरचा धोकाही वाढतो. ‘मोठा झाला की होईल ठीक’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला इथे खरोखर नुकसान करतो. थंडीत किंवा तपासताना वृषण वर ओढला जातो आणि कोमट पाण्याने अंघोळ घालताना खाली दिसतो, ही गोष्ट वेगळी. त्यात सहसा घाबरण्याचे कारण नसते, पण वर्षाकाठी एकदा डॉक्टरांना दाखवत राहावे.

अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करणारी पथके राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात गावोगाव जातात. या कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघरला झाली. पुणे जिल्ह्यातल्या पौड, मुळशी, ताम्हिणी या पट्ट्यातल्या पालकांना सांगण्यासारखी गोष्ट एवढीच, की पथक आले की मुलाच्या त्या जागेबद्दलची शंका डॉक्टरांच्या कानावर जरूर घालावी. वर्गभर मुलांसमोर चड्डी काढून तपासणी होत नाही, होऊही नये. त्यामुळे आईने सांगितले नाही तर ही गोष्ट सुटून जाऊ शकते.

लघवीचे छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असणे हा दोष साधारण अडीचशे-तीनशे मुलग्यांमागे एकात आढळतो. तो शस्त्रक्रियेने दुरुस्त होतो. मात्र त्या दुरुस्तीत पुढची कातडी वापरावी लागू शकते, म्हणून अशा मुलाची सुंता आधी करू नये.

पालकांचा सर्वांत नेहमीचा प्रश्न या पुढच्या कातडीचाच असतो. तान्ह्या मुलाची कातडी मागे सरकत नाही, कारण ती आतून चिकटलेलीच असते. वय वाढेल तशी ती आपोआप सुटते; कुणाची तिसऱ्या वर्षी, कुणाची थेट वयात येताना. रोज तेल लावून ती ओढण्याची रीत काही घरांत अजून आहे. त्याने कातडीला बारीक चिरा पडतात, जखम भरताना ती आवळते आणि मुळात नसलेला आजार तयार होतो. बाहेरून पाण्याने धुणे पुरे. लघवीची धार अगदीच बारीक येत असेल, मूल कुंथत असेल, वारंवार सूज येत असेल किंवा टोकाशी पांढरट, कडक वळ दिसत असेल तर डॉक्टरांकडे जावे. मागे गेलेली कातडी पुढे येईना आणि टोक सुजू लागले, तर मात्र त्याच दिवशी, तत्काळ.

वयात येण्याची खूण म्हणून घरचे लोक मिसरूड आणि फुटलेला आवाज पाहतात. प्रत्यक्षात सुरुवात त्याआधी कितीतरी, वृषण मोठे होण्यापासून होते. डॉक्टर ती वाढ दोऱ्यात ओवलेल्या, १ ते २५ मिलिलिटर आकाराच्या मण्यांच्या माळेशी ताडून पाहतात. चार मिलिलिटरचा मणी म्हणजे आरंभ. ही सुरुवात नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान केव्हाही होते. नवव्याच्या आधी झाली किंवा चौदावे संपले तरी काही हालचाल नसली, तर तपासणी करावी. शिश्नाची वाढ यानंतर होते, म्हणून वर्गातल्या दोन मुलांची तुलना निरर्थक ठरते. एक वृषण दुसऱ्यापेक्षा खाली लोंबणे, छातीत दुखरी गाठ येऊन वर्षा-दोन वर्षांत जिरणे, झोपेत वीर्य जाणे हे सगळे वाढीचा भाग आहे.

वीर्य गेल्याने अंगातली ताकद जाते, ही समजूत मात्र पिढ्यान्‌पिढ्या मुलांना पोखरत आली आहे. वीर्य शरीरात सतत तयार होते. ते गेल्याने रक्त आटत नाही, बुद्धी मंदावत नाही. १९२७ ते १९५३ या काळात र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून असल्या भीतीला शास्त्राच्या आधारे उत्तरे दिली. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. आज ही भीती भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिरातींतून विकली जाते. अशा औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. लांबी वाढवणारे एकही तेल किंवा गोळी सिद्ध झालेली नाही. किशोरवयीनांच्या शंकांसाठी राज्यातल्या अनेक सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ या नावाने वेगळी बाह्यरुग्ण सेवा चालते.

वरच्या अनेक प्रश्नांना वेळ हेच औषध आहे. एका दुखण्याला मात्र तासांचाही अवधी नसतो. वृषण ज्या नसेवर टांगलेला असतो तिला अचानक पीळ बसतो आणि रक्तपुरवठा तुटतो. हे बारा ते अठरा वर्षांच्या मुलांत अधिक घडते, कित्येकदा पहाटे झोपेत. एका बाजूला एकदम तीव्र कळ येते, ओकारी होते, वृषण वर चढल्यासारखा दिसतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक वेळा तो वाचतो. बारा तास उलटले की आशा झपाट्याने कमी होते. घात होतो तो लाजेमुळे. मुलगा आईला एवढेच सांगतो की पोटात दुखतेय. आई ओवा देते, गावातला डॉक्टर इंजेक्शन देतो, आणि सकाळची दुपार होते. मुळशी धरणापलीकडच्या वाडीतून पौड गाठायचे, तिथून चांदणी चौकातली गर्दी पार करून पुण्यात पोचायचे, यातच वेळ संपत जातो. म्हणून ओटीपोटात दुखतेय म्हणणाऱ्या मुलाला थेट विचारावे, ‘खाली दुखतेय का?’ हो म्हणाला तर काही खायला-प्यायला न देता, १०८ वर फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने, जिथे सर्जन आणि भूलतज्ज्ञ आहेत अशा रुग्णालयात न्यावे. सर्जन पीळ सोडवून वृषण टाके घालून पक्का करतात, आणि दुसऱ्या बाजूलाही तोच धोका असल्याने तिथला वृषणही बांधून घेतात.

पावसाळ्याचे दुखणे वेगळे. भाताच्या लावणीत दिवसभर चिखलात उभे राहून ओल्या कपड्यांनी जांघेत नायटा उठतो. मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज दोन दिवस थांबते, पण नायटा पसरतो आणि मग साध्या औषधाला दाद देत नाही. अंग कोरडे करून सुती कपडे बदलावेत, घरातल्या सगळ्या बाधितांनी एकदमच उपचार घ्यावेत आणि पुरळ गेले तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस मलम पुरे करावे.

वृषणातली न दुखणारी, कडक गाठ ही तरुण वयातली बाब आहे. वृषणाचा कॅन्सर पंधरा ते पस्तीस या वयात जास्त दिसतो. भारतात तो विरळ आहे. पिशवीत पाणी साचणे किंवा डाव्या बाजूच्या शिरा फुगणे ही सुजेची कारणे कितीतरी अधिक आढळतात. फरक सोनोग्राफीत कळतो. गाठ कॅन्सरची निघाली तरी वेळेत उपचार झाल्यास बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात, आणि एक वृषण काढल्यावरही दुसरा चांगला असेल तर सहसा मूल होऊ शकते.