चतुर कसा ओळखावा?

पावसाळा संपत आला की तळ्यावर, शेतावर चतुर उडतात. लहान पोरं त्याला भितात. पण त्याला नांगी नसते. त्याला चार पंख, सहा पाय व मोठे डोळे असतात. तो पंख पसरून बसतो. टाचणी बारीक असते, ती बहुतेक वेळा पंख मिटून बसते.

चतुराचे पिल्लू पाण्यात राहते. त्याला उडता येत नाही. ते खालचा ओठ झटकन पुढे काढून डासांच्या अळ्या धरते व खाते. मोठे झाले की गवताच्या काडीवर चढते. मग पाठीवरची कात फाटते आणि चतुर बाहेर येतो. रिकामी कात काडीलाच राहते. चतुर उडता उडता पण डास खातो. म्हणून मुलांनो, त्याच्या शेपटीला दोरा बांधू नका.