वाचनाने काय साधते?

डोळ्यांना जे दिसते, ते सारेच मनाला कळते असे नाही. नित्य दिसणारे दुःख माणसाच्या अंगवळणी पडते आणि मग ते दुःख आहे, याची जाणीवही त्याला राहत नाही. अशा निद्रिस्त मनाला जागे करण्याचे कार्य साहित्य करीत असते.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचे उदाहरण घ्यावे. त्या काळी उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या अनेक घरांत मुलींचे विवाह अगदी कोवळ्या वयात होत. पती निवर्तला की त्या मुलीचे केशवपन करीत, तिला आलवण नेसवीत आणि मंगलकार्यात तिचे दर्शनही अशुभ मानीत. १८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याने मान्यता मिळाली होती. परंतु कायदा झाला म्हणून माणसांची मने पालटली नाहीत. अशा स्त्रिया घरात दिवसभर राबत. त्यांना सारे पाहत. पण त्यांच्या अंतःकरणात कोणी डोकावत नसे.

१८९० साली हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. यमू नावाची स्त्री आपली जीवनकथा आपल्याच तोंडाने सांगत आहे, अशी या कादंबरीची रचना आहे. तिचे बालपण, सासरचा जाच, पतीच्या सहवासात वाढलेली विद्येची गोडी, हे सारे वाचता वाचता यमू वाचकाला घरचीच वाटू लागते. म्हणूनच पुढे तिला आलेले वैधव्य आणि बळजबरीने झालेले तिचे केशवपन वाचताना त्याचे काळीज हलते. लोक जिला केवळ ‘विधवा’ म्हणून ओळखतात, तिलाही यमूसारखेच मन असते, हे त्याला उमगते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हरिभाऊ स्वतः पुरुष होते; हे दुःख त्यांच्या वाट्यास आलेले नव्हते. तरीही एका स्त्रीच्या मनात शिरून त्यांनी ते जाणले. लेखकाने जे केले, तेच वाचकही करीत असतो. काही काळ तो स्वतःला विसरतो आणि दुसऱ्याचे सुखदुःख आपले मानून भोगतो. पुस्तक मिटल्यावर त्याचे मन पूर्वीपेक्षा विशाल झालेले असते. अन्नाने जसे शरीर वाढते, तसा अशा वाचनाने आत्मा वाढतो.

मात्र पुस्तक वाचून अश्रू ढाळणे सोपे आहे. यमूसाठी डोळे पुसणारा वाचक घरच्या मोलकरणीवर खेकसत असेल, किंवा अडखळत बोलणाऱ्या सोबत्याची टिंगल करीत असेल, तर त्याने पाने उलटली, पण वाचन केले नाही, असेच म्हणावे लागेल. डोळ्यांतील आसवे लवकर वाळतात. आचरणात उतरलेली करुणा मात्र टिकून राहते.

हरिभाऊंनी आपल्या कादंबरीला जे नाव दिले, तो एक प्रश्न आहे. १९१९ साली हरिभाऊंचे निधन झाले. पण तो प्रश्न अद्याप उभाच आहे. ‘मी लक्षात घेतो’ हे त्याचे उत्तर प्रत्येक नव्या वाचकाने शब्दांनी नव्हे, तर आपल्या वागणुकीने द्यावयाचे असते.