गोल नाकाची गोळी आणि हरणाचे रान

रायफलच्या गोळीचे टोक अणकुचीदार असावे की बोथट आणि गोल असावे, हा वाद शिकारीच्या जगात शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आला असून, ज्या देशांत हरणाच्या शिकारीला कायद्याने परवानगी आहे तेथील शिकारी आजही त्यावर हिरिरीने बोलतात. तुंगारेश्वरच्या डोंगररांगेला लागून वाढलेल्या वसई-विरारमध्ये हरणावर गोळी झाडणे हा गंभीर गुन्हा आहे. तरीही या वादाचे मर्म येथील वाचकाने समजून घेण्यासारखे आहे, कारण जंगलात सापडलेल्या गोळीवरून शिकाऱ्यापर्यंत पोहोचणारा तपास, परवानाधारकाची जबाबदारी आणि वन्यजीव कायद्यामागची भूमिका या तिन्ही गोष्टींचा त्या एवढ्याशा धातूच्या तुकड्याशी निकटचा संबंध आहे.

काडतूस आणि गोळी

रोजच्या बोलण्यात संपूर्ण काडतुसालाच गोळी म्हटले जात असले, तरी काडतुसाचे चार भाग असतात: पितळेचे नळकांडे, त्याच्या बुडाशी बसवलेली आणि ठोका बसताच ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्रायमर, आत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. रायफलच्या नळीला आतून मळसूत्री आटे पाडलेले असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि या फिरण्यामुळेच ती हवेत न डळमळता सरळ जाते. बारा बोअरच्या बंदुकीची आणि कोकणपट्टीत अजूनही अधूनमधून पकडल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकीची नळी मात्र आतून गुळगुळीत असते. त्यांतून बहुधा छर्रे किंवा घरी ओतलेले शिसे उडवले जाते आणि त्यांची नेमकी मारक टप्प्याची मर्यादा रायफलच्या मानाने फारच कमी असते.

१८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने बिनधुराची दारू तयार केली आणि गोळीचा वेग एकाएकी वाढला. पूर्वीची मऊ शिशाची गोळी या वेगाला टिकेना, तिचे शिसे आट्यांमध्ये घासून नळीतच चिकटू लागले, म्हणून शिशावर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच चढवण्याची पद्धत रूढ झाली. १८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या आणि पुढे ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून भारतात घरोघरी माहीत झालेल्या रायफलची सुरुवातीची गोळी अशीच, लांबट, गोल नाकाची आणि २१५ ग्रेन म्हणजे सुमारे १४ ग्रॅम वजनाची होती. ग्रेन हे गोळी आणि दारू मोजण्याचे जुने वजन असून एक ग्रॅम म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रेन होतात.

पूर्ण कवचाची ही गोळी शरीरात शिरून फारसा आकार न बदलता आरपार निघून जाई. वायव्य सरहद्दीवरील लढायांत ती समोरच्याला थांबवत नाही अशी सैन्याची तक्रार होती, आणि त्यावर उपाय म्हणून कोलकात्याजवळच्या डमडम येथील शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले या अधिकाऱ्याने गोळीच्या नाकावरचे कवच काढून आतले शिसे उघडे ठेवले. अशी गोळी शरीरात शिरताच पुढून पसरते आणि जखम मोठी करते. युद्धातील या क्रौर्याविरुद्ध १८९९ मध्ये हेगच्या परिषदेने जाहीरनामा काढून मानवी शरीरात सहज पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. शिकारीचा न्याय मात्र याच्या नेमका उलट ठरला: इंग्लंडच्या १९९१ च्या हरीणविषयक कायद्यानुसार हरणावर रायफल चालवायची असल्यास गोळी मऊ किंवा पोकळ नाकाचीच असावी लागते. पूर्ण कवचाच्या गोळीने आरपार भोक पडलेले हरीण कित्येकदा जागीच पडत नाही, ते जखमी अवस्थेत दूरवर पळते आणि झुडपात तासन्‌तास तडफडून मरते. पसरणारी गोळी हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या भागात लागल्यास मृत्यू लवकर येतो, हा त्यामागचा विचार आहे.

शिकाऱ्यांनी गोल नाक का राखले

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनी आणि त्यापाठोपाठ ब्रिटन यांनी सैन्यासाठी अणकुचीदार गोळी स्वीकारली, कारण ती हवा सहज कापते आणि दूरवर वेग टिकवून धरते. हवेचा अडथळा भेदण्याची गोळीची क्षमता एका गुणांकाने दाखवतात, ०.३० इंच व्यासाच्या, १८० ग्रेनच्या गोल नाकाच्या गोळीचा हा गुणांक सुमारे ०.२४, तर त्याच वजनाच्या अणकुचीदार गोळीचा ०.४२ च्या आसपास असतो. हा फरक मोठा दिसत असला तरी त्याचा प्रत्यय येतो तो दोनशे-तीनशे मीटरनंतर. दाट जंगलातील हरीण मुळात दिसतेच पन्नास-साठ मीटरच्या आत, आणि एवढ्या अंतरात दोन्ही गोळ्यांच्या मार्गात किंवा वेगात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. म्हणून रानात शिकार करणाऱ्यांनी गोल नाकाची, मऊ टोकाची गोळी सोडली नाही.

याला इतरही कारणे होती. अमेरिकेतील १८९४ च्या विंचेस्टर रायफलसारख्या शस्त्रांत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक ठेवलेली असतात आणि प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकते. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने टोपी पेटून नळीतच स्फोट होण्याचा धोका असतो, म्हणून अशा रायफलीत गोल किंवा चपट्या नाकाची गोळी आवश्यक मानली गेली. पेटीसारख्या मॅगझिनमध्येही प्रत्येक धक्क्याबरोबर मऊ शिशाचे अणकुचीदार टोक चेपते, तर गोल नाकाला त्याची फारशी झळ लागत नाही. शिवाय गोल नाकाच्या गोळीचे बरेचसे वजन पुढच्या भागात असल्याने मध्यम वेगातही ती लवकर पसरू लागते आणि अळंबीच्या छत्रीसारखी फुगून मूळ व्यासाच्या जवळजवळ दुप्पट होते, पण मागचा भाग शाबूत राहिल्याने खोलवर शिरते.

प्राण्याच्या आकारमानाचाही या निवडीशी संबंध असे. भेकर जेमतेम वीस-पंचवीस किलोचे, चितळाचा नर सत्तर-ऐंशी किलोचा, तर सांबराचा नर दोनशे किलोंच्याही वर जातो. त्यामुळे सांबरासाठी योग्य असलेली जड गोळी भेकरासाठी अनावश्यक ठरे, आणि भेकरासाठीची हलकी गोळी सांबराच्या खांद्याच्या हाडावर फुटून त्याला केवळ जायबंदी करी. जड, गोल नाकाची गोळी डहाळ्या-पाने भेदून सरळ जाते हा समज मात्र खोटा आहे. चाचण्यांत असे वारंवार दिसून आले आहे की फांदीला लागलेली कोणतीही गोळी दिशा बदलते, मग तिचे नाक कसेही असो.

३१५ बोअर आणि खडकीचा कारखाना

भारतात या गोळीची ओळख प्रामुख्याने ३१५ बोअरच्या रायफलमुळे झाली. सैन्याच्या काडतुसांना बसणारी शस्त्रे नागरिकांच्या हाती जाऊ नयेत, असे ब्रिटिश सरकारचे धोरण होते आणि ते स्वातंत्र्यानंतरच्या शस्त्र कायद्यातही टिकले. त्यामुळे ‘थ्री नॉट थ्री’ प्रतिबंधित बोअरमध्ये गेली आणि नागरी वापरासाठी आठ मिलिमीटरची म्हणजेच ३१५ बोअरची रायफल पुढे आली. तिचे मूळ काडतूस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातील मानलिखर रायफलचे. भारतातील सैन्य ते वापरत नसल्याने परवान्यावर देता आले. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ही रायफल घडली, तर १८६९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याने बारा बोअरच्या काडतुसांबरोबर या रायफलची काडतुसेही पुरवली. तिची नेहमीची गोळी २४४ ग्रेन म्हणजे जवळजवळ १६ ग्रॅमची, गोल आणि मऊ नाकाची असते. म्हणजे नाकाचा आकार निवडण्याचा प्रश्न भारतीय परवानाधारकापुढे फारसा कधी आलाच नाही, कारखान्याने तो आधीच सोडवला होता.

तुंगारेश्वरचे जंगल आणि कायदा

सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे तुंगारेश्वर अभयारण्य २००३ मध्ये घोषित झाले. दक्षिणेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि ईशान्येला तानसा अभयारण्य यांच्यामधला हा दुवा असून भेकर, सांबर, चितळ आणि त्यांच्यावर जगणारा बिबट्या यांच्यासाठी तो मोलाचा आहे. स्वातंत्र्यानंतर तत्कालीन मुंबई राज्यात १९५१ च्या वन्यप्राणी संरक्षण कायद्यानुसार परवाना घेऊन शिकार करता येई. १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्याने ती मोकळीक आक्रसत गेली आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच बंद झाले. या कायद्यात शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. फास लावणे, जाळे टाकणे, विष घालणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच आहे. अभयारण्यात शिकार केल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास होतो, तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान पंचवीस हजार रुपये झाला आहे.

वसई-विरारकरांना फारशी माहीत नसलेली तरतूद याच कायद्याच्या ३४व्या कलमात आहे. अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्रपरवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे, आणि या पट्ट्यात नवा परवाना देण्यापूर्वी त्याच अधिकाऱ्याची सहमती घ्यावी लागते. तुंगारेश्वरपासून दहा किलोमीटर मोजले तर वसई, नालासोपारा आणि विरारची मोठी वस्ती त्यात येते. म्हणजे २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर लोकसंख्या असलेल्या या शहराच्या बऱ्याच मोठ्या भागाला वन्यजीव कायद्याचा हा नियम लागू होतो. परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल टाकणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे.

शेतीचे नुकसान हा मात्र खरा आणि दुखरा प्रश्न आहे. रानडुकरांनी एका रात्रीत उभे पीक उकरून टाकल्यावर शेतकऱ्याला येणारा संताप समजण्यासारखा आहे, आणि कायद्यानेही त्यासाठी वाट ठेवली आहे: पिकांची नासाडी करणाऱ्या ठरावीक प्राण्यांविषयी अधिकृत वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो आणि नुकसानभरपाईसाठी अर्ज करता येतो. ही वाट सोडून रात्री बंदुका घेऊन रानात शिरण्याची किंमत पालघर जिल्ह्याने नुकतीच पाहिली आहे. २०२५ च्या जानेवारीअखेर मनोरजवळील बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गटातील एकाने डुक्कर समजून गोळी झाडली, तीत त्यांच्याच सोबतीचा जीव गेला, आणि साथीदारांनी मृतदेह जंगलात लपवल्याचे पुढे पोलीस तपासात उघड झाले. गोल नाकाची गोळी लवकर मंदावते म्हणून ती निर्धोक असते असे मानणेही चुकीचे आहे, कारण नेम चुकलेली अशी गोळीसुद्धा दोन किलोमीटरपेक्षा दूर जाऊ शकते, आणि वसईच्या डोंगरपायथ्याशी एवढ्या अंतरात पाडे, तबेले, कारखाने आणि महामार्ग सारेच येते.

गोळी देते ती साक्ष

मेलेल्या हरणाच्या शरीरात किंवा झाडाच्या खोडात सापडलेली गोळी मुंबईतील कलिना येथील न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी पाठवली जाते. रायफलच्या आट्यांनी गोळीच्या कवचावर उमटवलेले व्रण सूक्ष्मदर्शकाखाली संशयित रायफलमधून झाडलेल्या दुसऱ्या गोळीवरील व्रणांशी ताडून पाहतात. गोल नाकाच्या गोळीचा नळीला घासणारा सरळ भाग लांब असतो, आणि पुढचे टोक फुगून विद्रूप झाले तरी मागच्या भागावरील व्रण बऱ्याचदा शाबूत राहतात, म्हणून अशी गोळी तपासाला चांगली साक्ष देते. कारखान्यात बनलेली ३१५ बोअरची गोळी सापडणे म्हणजे परवान्याच्या आणि काडतूस विक्रीच्या नोंदी तपासण्याची दिशा मिळणे होय. हीच काडतुसे गावठी कट्ट्यातूनही झाडली जातात, मात्र त्या नळीला बहुधा आटे नसल्याने व्रणांची ठेवण वेगळी दिसते आणि तपास परवानाधारकाकडून बेकायदा शस्त्राकडे वळतो.

प्राण्याला कमीत कमी यातना व्हाव्यात या जाणिवेतून जुन्या शिकाऱ्यांनी गोळीचे वजन, नाक आणि टप्पा यांचा बारकाईने अभ्यास केला होता. शहराने तिन्ही बाजूंनी वेढत आणलेल्या तुंगारेश्वरच्या जंगलात ती जाणीव खरोखर पाळायची, तर तेथे गोळी झाडलीच जाता कामा नये. देवदर्शनासाठी किंवा पावसाळ्यात धबधब्यांसाठी तुंगारेश्वरला जाणाऱ्यांना वाटेत रिकामे काडतूस किंवा तारेचा फास आढळल्यास त्यांनी त्याला हात न लावता जागा नीट लक्षात ठेवावी, रात्री जंगलाच्या दिशेने गोळीचा आवाज ऐकणाऱ्या पाड्यांतील रहिवाशांनीही गप्प बसू नये, आणि वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे.