विडी वळण्याचे कौशल्य आणि शिकाऊ हात : सोलापूरच्या संदर्भात

प्रस्तावना :
सोलापूर शहराची ओळख चादर आणि टॉवेल या दोन वस्तूंशी जोडली गेली आहे. या ओळखीच्या आड दुसरा एक मोठा उद्योग घराघरांतून चालत आला, तो म्हणजे विडी उद्योग. शहराच्या पूर्व भागात, विशेषतः तेलुगू भाषक पद्मशाली समाजाच्या वस्त्यांत, पुरुष यंत्रमागावर आणि स्त्रिया विडीवर अशी श्रमविभागणी दीर्घकाळ रूढ झाली. हजारो कुटुंबांचा संसार या दोन कामांच्या मिळकतीवर उभा राहिला.

विडी उद्योगाविषयीची चर्चा बहुधा किमान वेतन, कामगारांचे आरोग्य आणि तंबाखूविरोधी धोरण या तीन मुद्द्यांभोवती फिरते. हे मुद्दे महत्त्वाचे आहेतच. परंतु विडी वळणे ही मुळात एक हस्तकला आहे. ती नवशिक्या स्त्रीला कशी साध्य होते आणि शिकण्याच्या काळातील नुकसान कोण सोसते, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. प्रस्तुत लेखात विडी वळण्याची प्रक्रिया स्पष्ट करून या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

कच्चा माल :
विडीसाठी तीन वस्तू लागतात : पान, तंबाखू आणि दोरा. पान तेंदूचे असते. या वृक्षाला टेंभुर्णी असेही म्हणतात. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या जिल्ह्यांतील जंगलांत उन्हाळ्यात तेंदूपानांचे संकलन होते. विडीच्या तंबाखूसाठी सीमाभागातील निपाणीचा परिसर प्रसिद्ध आहे. म्हणजे सोलापुरातील एका घराच्या ओसरीवर विदर्भाचे जंगल आणि निपाणीचे शेत एकत्र येतात. हा माल कारखानदाराच्या शाखेतून मोजून दिला जातो आणि ठरलेल्या संख्येने तयार विड्या परत घेतल्या जातात. एका विडीत साधारणतः पाव ग्रॅमच्या आतबाहेर तंबाखू असतो. त्यामुळे हजार विड्यांना सुमारे पाव किलो तंबाखू लागतो.

वळण्याची प्रक्रिया :
कोरडे पान वळवताना तडकते. म्हणून ते आधी पाण्यात भिजवून मऊ करतात. भिजलेल्या पानावर पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने आयताकृती तुकडा कापला जातो. कापताना पानाची जाड शीर टाळावी लागते, कारण शीर आत आली तर विडी नीट वळत नाही. एका पानातून किती तुकडे निघतील हे कापणारीच्या नजरेवर अवलंबून असते. माल मोजून मिळत असल्याने पान वाया जाणे म्हणजे पदरचे नुकसान होय.

मांडीवर सूप घेऊन स्त्री पुढचे काम करते. पानाच्या तुकड्यावर तंबाखूची चिमूट लांबीभर पसरायची, अंगठा आणि बोटे यांच्यामध्ये तो तुकडा गुंडाळत न्यायचा, एक टोक निमुळते आणि दुसरे रुंद ठेवायचे, रुंद टोकाच्या कडा लहानशा धातूच्या काडीने आत दुमडायच्या आणि निमुळत्या टोकाकडे दोऱ्याचे वेढे देऊन गाठ मारायची, असा हा क्रम आहे. पुढे पंचवीस-पंचवीस विड्यांची बंडले बांधली जातात.

वर्णन वाचताना ही कृती सोपी वाटते. नवशिकीचा अनुभव निराळा असतो. चिमूट कमी पडली तर विडी पोकळ होते आणि विझते. चिमूट जास्त झाली किंवा वळण घट्ट झाले तर धूर ओढला जात नाही. पान अधिक भिजले असेल तर ते मऊ पडून फाटते, कमी भिजले असेल तर तडकते. दोरा सैल राहिला तर वळण उलगडते. यांपैकी एकही गोष्ट मोजमाप सांगून शिकवता येत नाही. बोटांना दाब समजावा लागतो आणि तो असंख्य विड्या बिघडल्यानंतरच समजतो.

काळाचा हिशेब :
विडीची मजुरी दर हजारी ठरते. आठ तासांत हजार विड्या पूर्ण करायच्या असतील, तर एका विडीच्या वाट्याला एकोणतीस सेकंदही येत नाहीत. पाने कापणे, दोरा बांधणे, बंडले करणे हे सारे त्यातच आले. नवशिकीला एका विडीस एक मिनिट लागले, तर त्याच आठ तासांत ४८० विड्या होतात. त्यातील काही नाकारल्या जातात. विडी कामगारांच्या व्यवहारात अशा नाकारलेल्या विडीस 'छाट' म्हणतात. अर्थात शिकाऊ स्त्रीचा दिवस अनुभवी स्त्रीच्या दिवसाइतकाच लांब असतो, पण त्याचे मोल निम्म्याहून कमी ठरते.

या कारणाने शिकणे स्वतंत्रपणे घडत नाही. ते आईच्या किंवा सासूच्या सुपाशेजारी बसून घडते. मुलगी प्रथम पाने पुसते, मग कापते, मग दोरा बांधते आणि शेवटी वळू लागते. तिच्या हातचे काम आईच्या हजारात मिसळते. त्यामुळे मजुरीच्या नोंदीत शिकाऊ कामगार दिसतच नाही.

कायदा आणि नकाराचा अधिकार :
विडी वळणारी व्यक्ती कामगार आहे काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार आला. नागपूरच्या एका विडी कारखान्यासंबंधीच्या बिरधीचंद शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी दिले. वेळेचे बंधन सैल असले आणि मजुरी नगावर असली, तरी निकृष्ट विड्या नाकारण्याचा अधिकार हे एक प्रकारचे नियंत्रणच आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढच्याच वर्षी शंकर बालाजी वाजे प्रकरणात बहुमताने विरुद्ध निष्कर्ष निघाला. विडी व सिगार कामगार (रोजगाराच्या अटी) अधिनियम, १९६६ या कायद्याने घरी कच्चा माल नेऊन विड्या करणाऱ्यांचा कामगारांच्या व्याख्येत समावेश केला. मंगलोर गणेश बीडी वर्क्स प्रकरणात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत हा कायदा विलीन झाला आहे.

येथे एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. विडी नाकारण्याच्या ज्या अधिकारामुळे विडी वळणारी व्यक्ती कामगार ठरली, तोच अधिकार शिकाऊ हातांची मजुरी कापतो. कायद्याने नकाराचा अर्थ लावला, परंतु नकारातून जे शिक्षण घडते त्याची दखल घेतली नाही.

बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्याने विडी बनविण्याच्या कामात मुलांना लावण्यास मनाई केली, मात्र कुटुंबाच्या साहाय्याने चालणाऱ्या कामाला सूट ठेवली. घरातील शिक्षण नेमके या सुटीत बसत होते. २०१६ च्या दुरुस्तीने घातक कामांच्या बाबतीत ही वाट बंद केली. हे आवश्यकच होते. तंबाखूची धूळ श्वासातून आत जाते, निकोटिन त्वचेतून शोषले जाते आणि तासन्‌तास वाकून बसल्याने मान व पाठ दुखते. वाढत्या वयाच्या शरीरासाठी हे अधिक हानिकारक आहे.

स्वतःसाठी आणि दुसऱ्यासाठी :
तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण उपयुक्त ठरेल. ई-सिगारेट वापरणारे काही हौशी लोक निक्रोम किंवा कॅन्थल धातूच्या तारेचे वेढे घालून तापणारे कॉइल स्वतः तयार करतात. तेथेही वेढ्यांची संख्या, त्यांतील अंतर आणि तारेची जाडी यांवर सारे अवलंबून असते. विद्युतरोध फार कमी झाला तर बॅटरीवर धोकादायक ताण येतो. परंतु तेथे बनविणारा आणि वापरणारा बहुधा एकच असतो. चूक झाली तर तिचा खर्च आणि धोका त्याचाच. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री व साठवण यांवर बंदी आली. विडी मात्र चालू राहिली. सोलापूरची स्त्री विडी वळते ती दुसऱ्याने ओढण्यासाठी. तिची चूक ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधीच तिच्या मजुरीतून वसूल होते.

पर्यायी रोजगाराचा प्रश्न :
१९७६ च्या विडी कामगार कल्याण निधीतून ओळखपत्रधारक कामगारांना औषधोपचार, पाल्यांच्या शिष्यवृत्त्या आणि घरबांधणीस साहाय्य मिळू लागले. कुंभारी येथील गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरे हे संघटित लढ्याचे ठळक फलित होय. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते या वसाहतीचा लोकार्पण सोहळा झाला. ज्या उपकरातून हा निधी उभा राहत असे, तो वस्तू व सेवा कर लागू होताना २०१७ मध्ये रद्द झाला.

तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार भारताने २००४ मध्ये स्वीकारला. त्याच्या सतराव्या अनुच्छेदात तंबाखू कामगारांसाठी पर्यायी उपजीविकेस प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे. शिवणकाम, खाद्यपदार्थ, संगणक अशी प्रशिक्षणे सुचविली जातात ती याच विचाराने. परंतु दर हजारी मजुरीवर जगणाऱ्या स्त्रीसाठी प्रशिक्षणाचा प्रत्येक दिवस हा हजार विड्या गमावण्याचा दिवस असतो. विडी ती घरातच, आईच्या मिळकतीच्या आधाराने शिकली. नव्या कामासाठी असा आधार घरात उपलब्ध नसतो.

समारोप :
विडी वळणे हे अल्पकौशल्याचे काम आहे, ही समजूत प्रत्यक्ष प्रक्रियेच्या निरीक्षणावर टिकत नाही. हे कौशल्य घराने स्वतःच्या खर्चाने घडविले आणि उद्योगाने ते तयार स्वरूपात वापरले. म्हणून विडी कामगार स्त्रियांच्या पुनर्वसनाची कोणतीही योजना आखताना प्रशिक्षण काळातील निर्वाहवेतन हा तिचा अनिवार्य भाग मानला पाहिजे. सोलापूरच्या महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थिनी अशाच घरांतून येतात. त्यांच्या हातांनी सूप बाजूला ठेवून पुस्तक धरले, तेव्हा त्या घराची मिळकतही घटली असते. शिक्षणाचा विचार करताना ही बाब प्राध्यापक वर्गाने ध्यानात ठेवणे उचित ठरेल.