विटा झेलणारे हात

अमेरिकी फुटबॉल नावाने पायांचा खेळ असला, तरी तो मुख्यत्वे हातांनी खेळतात. एक गडी अंडाकृती चेंडू दूर फेकतो. दुसरा प्रतिपक्षाला चुकवून भरधाव धावतो आणि तो वरच्यावर झेलतो. या दुसऱ्या गड्यास ‘वाइड रिसीव्हर’ म्हणतात.

जेरी राइस हा असाच एक नामांकित गडी. मिसिसिपी राज्यातील एका गवंड्याच्या घरी १९६२ साली त्याचा जन्म झाला. सुट्टीत तो वडिलांच्या हाताखाली राबे. परांचीवर उभे राहून भावांनी खालून फेकलेल्या विटा झेलाव्यात, हे त्याचे काम. त्या कष्टांनी त्याचे हात बळकट व सावध झाले.

पुढे मोठ्या विद्यापीठांनी त्याची दखल घेतली नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेल्या मिसिसिपी व्हॅली स्टेट या लहानशा विद्यापीठाने मात्र त्याला संधी दिली. तेथे प्रशिक्षक आर्ची कूली यांनी चेंडूफेकीवर सारा भर दिला. विली टॉटनने फेकावे आणि जेरीने झेलावे, अशी जोडी जमली. १९८४ च्या हंगामात जेरीने झेललेला चेंडू २७ वेळा प्रतिपक्षाच्या अंत्यक्षेत्रात पोहोचला. १९८५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली. निवृत्त होईपर्यंत त्याने नियमित हंगामांतील व्यावसायिक सामन्यांत एकूण १५४९ झेल घेतले.

त्या लहानशा विद्यापीठाच्या क्रीडांगणास पुढे राइस आणि टॉटन या दोघांचे नाव देण्यात आले. वीट असो वा चेंडू, झेलणाऱ्या हातांइतकेच मोल नेमके फेकणाऱ्या हातांचेही असते.