कड्यावर चढताना लघवी-संडासचं काय?

पाऊस ओसरून कातळ सुकला की आपल्या देहूरोडच्या वस्त्यांमधली तरुण मंडळी रविवारी पहाटेची लोणावळा लोकल पकडतात. कुणी मळवलीला उतरून भाजे-कार्ले लेणी आणि लोहगड-विसापूर करतात, कुणी कामशेतला उतरून बेडसे लेण्यांकडे जातात. शेलारवाडीच्या लेण्यांचा घोरावडेश्वर डोंगर तर आपल्या उंबऱ्यावरच आहे. आता काही मुलंमुली याच्याही पुढे गेली आहेत. जाणकारांच्या सोबतीने दोर लावून खंडाळ्याची नागफणी, तैलबैलाची कातळभिंत, रायगडासमोरचा लिंगाणा असे कडे आणि सुळके ती चढतात. अशा चढाईत सकाळी कमरेला बांधलेला दोर कधी कधी संध्याकाळपर्यंत सुटत नाही.

बूट कोणते घ्यावेत, गाठ कशी मारावी हे सगळे सांगतात. एक प्रश्न मात्र मुली आणि त्यांच्या आया दबक्या आवाजातच विचारतात: वर गेल्यावर लघवीला लागली तर? परसाकडे लागली तर? याचे उत्तर कुणी देत नाही, म्हणून मुलींनी आपापले उत्तर शोधून काढले आहे. आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करायचे आणि दिवसभर कळ दाबून धरायची. हे उत्तर घातक आहे, म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे.

ही सवय डोंगराने लावलेली नाही. सार्वजनिक शौचालयापुढची रांग, तुटलेली कडी, रात्री बंद पडलेला दिवा, कोपऱ्यावर उभी असलेली टवाळ पोरं, या सगळ्यामुळे आपल्या मुली दहाव्या-बाराव्या वर्षीच संध्याकाळचा चहा नको म्हणायला शिकतात. कळ दाबणे म्हणजे शहाणपण असे त्यांच्या अंगवळणी पडते. तेच शहाणपण त्या पाठीवरच्या पिशवीबरोबर कड्यावर नेतात.

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते, आणि ते अर्धे भरत आले की लघवीची जाणीव होऊ लागते. बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असते, पुरुषाची सुमारे २० सेंटिमीटर. त्यामुळे बाहेरच्या जंतूंना बाईच्या मूत्राशयापर्यंत पोहोचायला फार वाट चालावी लागत नाही. लघवी वाहती असली की जंतू धुऊन निघतात. पाणी तोडले आणि आहे ती लघवीही तुंबवली की त्यांना वाढायला निवांत वेळ मिळतो. पुरुषांना हा त्रास कमी होतो, पण होत नाही असे नाही. गरोदर बाई आणि मधुमेह असलेले माणूस यांना धोका जास्त.

कड्यावर पाणी तोडण्याचा दुसरा तोटा लगेच दिसतो. कातळ तापतो, घाम जातो, मग डोके दुखते, पोटऱ्यांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरी अंधारी आली तर माणूस खाटेवर पडतो. दोरावर असलेल्या माणसाची तेव्हा गाठ चुकते, किंवा जोडीदाराचा दोर सांभाळणारा हात ढिला पडतो. म्हणून पूर्ण दिवसाच्या चढाईला माणशी किमान तीन लिटर पाणी हवे, उन्हाच्या दिवसांत त्याहून जास्त. एकदम घटाघटा पिऊ नका, थोडे थोडे पीत राहा. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरते आहे. कोऱ्या चहासारखी गडद झाली, किंवा पाच-सहा तासांत लघवीला लागलेच नाही, तर पाणी कमी पडते आहे.

कळ दाबून धरण्याचे दुखणे किती जुने आहे ते विनयपिटकात दिसते. चुल्लवग्गात वच्चकुटीचा, म्हणजे शौचकूपाचा एक प्रसंग आहे. भिक्खू तिथे ज्येष्ठतेच्या क्रमाने जात. नवे भिक्खू आधी पोहोचले तरी ज्येष्ठांसाठी थांबून राहत आणि कळ दाबता दाबता मूर्च्छा येऊन पडत. हे समजल्यावर भगवंतांनी नियम घालून दिला की जो आधी येईल तो आधी जाईल. वच्चकुटीत जाणाऱ्याने बाहेरून खाकरावे, आत कुणी असेल तर त्यानेही खाकरून उत्तर द्यावे, असेही तिथे सांगितले आहे. दार नसलेल्या डोंगरावर ही खाकरण्याची रीत आजही उपयोगाची आहे.

यातून तुकडीच्या म्होरक्याने शिकायचे ते असे. कुणी विचारण्याची वाट पाहू नये. चढाईला हात घालण्याआधी आणि पुढे प्रत्येक रुंद पट्ट्यावर त्यानेच जाहीर करावे, "दहा मिनिटं थांबतोय, मुली या बाजूला, मुलगे त्या बाजूला." एवढ्या एका वाक्याने मुलीची दिवसभराची घालमेल मिटते. तुकडीत एकच मुलगी असेल तर थांबा तिच्या सोयीने ठरवावा, आणि त्याचे उपकार तिला ऐकवू नयेत.

तयारी घरापासून सुरू होते. लोकलच्या डब्यात शौचालय नसते हे आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा नेहमीपेक्षा तासभर आधी उठून कोमट पाणी प्यावे आणि पोट साफ करूनच निघावे. आदल्या रात्री भाकरी, वरणभात, रोजचे जेवण घ्यावे. स्टेशनबाहेरची तर्री मारलेली मिसळ परतीच्या वाटेवर खावी. पोट बिघडले असेल तर त्या दिवशी चढू नये. जुलाब थांबवायची गोळी स्वतःच्या मनाने घेऊन कड्यावर जाणे हा जिवाशी खेळ आहे. वाटेत जुलाब झालेच तर उतरायला लागा आणि जीवनजल घ्या. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट पाजत राहा.

नुसत्या पायी चालण्याच्या डोंगरावर फार अडचण येत नाही. पाण्यापासून आणि पायवाटेपासून सत्तर-ऐंशी पावले दूर जायचे, खुरप्याने वीतभर खोल खड्डा करायचा, काम झाले की मातीने बुजवायचा. बसण्याआधी काठीने गवत हलवून पाहावे. एकटे दूर जाऊ नये, हाकेच्या टप्प्यात राहावे. पण सह्याद्रीच्या माथ्यावर आणि पट्ट्यांवर बऱ्याच ठिकाणी चार बोटे मातीखाली सरळ कातळ लागतो. तिथे खड्डा होत नाही. वर केलेली घाण पहिल्या पावसात वाहते आणि खालच्या टाक्यात उतरते.

लेण्यांच्या बाजूला कातळात खोदलेली ही टाकी म्हणजे जुन्या कोरीव लेखांमधली 'पोढी'. भाजे लेण्यात विण्हुदत्त नावाच्या एका महारथीने पोढी दान दिल्याचा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी भिक्खूंना आणि वाटसरूंना पिण्याचे पाणी मिळावे म्हणून पैसे मोजले, आणि आज आपण त्याच्याच काठावर बसतो. याहून वाईट म्हणजे विहाराच्या अंधाऱ्या कोठडीत जाऊन बसणे. काही लेण्यांत शिरताच नाकाला पदर लावावा लागतो. कार्ले, भाजे, बेडसे ही भारतीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित लेणी आहेत हा कायद्याचा भाग झाला. जिथे भिक्खू ध्यानाला बसत ती जागा आडोसा म्हणून वापरणे आपल्या माणसाला तरी शोभत नाही. पाण्यात आणि हिरव्या झाडोऱ्यावर मलमूत्र करू नये असे विनयाच्या सेखिय नियमांतही आहे. उभ्याने करू नये असाही एक नियम तिथे आहे, पण आजाऱ्याला त्यातून सूट आहे. दोरावर लटकलेल्या माणसाला आम्ही त्या सुटीत धरतो.

आता प्रत्यक्ष दोरावरची गोष्ट. पहिला नियम एकच: आडोशासाठी दोर सोडायचा नाही. पट्टा कितीही रुंद दिसो, कडेला बसताना तोल जातोच. हार्नेसमध्ये कमरेचा एक पट्टा आणि मांड्यांचे दोन पट्टे असतात. मांड्यांचे पट्टे मागच्या बाजूने लवचीक पट्टीने कमरेला जोडलेले असतात, आणि बऱ्याच हार्नेसमध्ये ही पट्टी सोडता येते. तेवढीच सोडून पँट खाली घेता येते. कमरेचा पट्टा आणि दोराची गाठ जागची हलत नाही. म्हणून इलॅस्टिकची पँट बरी, नाडीची किंवा बेल्टची नको. चढताना टॉवेल पिशवीत ठेवावा, थांब्यावर काढून कमरेला गुंडाळला की आडोसा होतो. बाकीच्यांनी तोंड फिरवावे, पण दोरावरचा हात काढू नये.

लघवीसाठी रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची एक बाटली वेगळी ठेवावी. तिच्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे अंधारात पाण्याची बाटली समजून कुणी तोंडाला लावणार नाही. (हसू नका, असे होते.) बायकांना उभ्याने लघवी करता यावी म्हणून कागदाचे किंवा सिलिकॉनचे नरसाळे औषधाच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळते. ते आणले की आधी घरच्या न्हाणीघरात चार-पाच वेळा वापरून पाहावे, आणि त्यानंतर हार्नेस घालून. पहिला प्रयोग कड्यावर केला तर कपडे भिजतील आणि मुलगी पुन्हा कधी पाणी पिणार नाही. नरसाळे नसेल तर जाड पिशवीत लहान बाळाचा डायपर पसरून तीही वापरता येते, लघवी शोषली जाते आणि सांडत नाही.

संडासला लागली तर वर्तमानपत्राचा कागद पसरून त्यावर बसावे. त्यावर मूठभर लाकडाचा भुसा किंवा राख टाकून पुडी करावी, दोन पिशव्यांत एकात एक बांधावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. डबा पिशवीच्या बाहेर खाली टांगावा, खाण्याच्या डब्याजवळ नको. मोठ्या चढाईला जाणारे दोन्ही तोंडांना बूच बसवलेला प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा वापरतात, तोही याच कामाचा. पुडी कड्यावरून खाली भिरकावू नका. खाली दुसरी तुकडी असते, गुराखी असतो, झरा असतो.

हे अवघड वाटत असेल तर जगात काय चालते ते पाहा. अमेरिकेत योसेमिटी खोऱ्यात एल कॅपिटन नावाची सुमारे ९०० मीटर उंचीची कातळभिंत आहे. ती चढायला बहुतेकांना काही दिवस लागतात आणि झोपही भिंतीवरच टांगून घ्यावी लागते. पूर्वी तिथे कागदी पिशवीत करून खाली फेकत, आता आपली विष्ठा आपणच परत आणण्याचा नियम आहे. एव्हरेस्टच्या परिसरातल्या गावपालिकेनेही २०२४ मध्ये गिर्यारोहकांना विष्ठा पिशवीत भरून तळछावणीवर परत आणण्याची सक्ती केली, कारण तिथल्या थंडीत काही कुजत नाही. तिथे लाखो रुपये मोजून आलेली माणसे स्वतःचा मैला पाठीवरून उतरवतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आपल्याकडे पुडी उचलायला माणूस कचरतो, ते का हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. मैला उचलणे हे पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या तरी जातीवर लादलेले काम होते. हाताने मैला उचलायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी ते पुरते थांबलेले नाही. आपण गडावर किंवा लेण्यात सोडून आलेली घाणही नाहीशी होत नाही. पायथ्याच्या गावातली बाई किंवा झाडू मारणारा रोजंदार ती काढतो, आणि तो कुठल्या समाजातला असतो हे आपण जाणतो. स्वतःचा मैला स्वतः खाली आणणे हे आमच्या मते साध्या हिशोबाचे काम आहे.

म्हणूनच पुडी घंटागाडीत टाकू नका. घरी येऊन कागदातला मैला आपल्या शौचालयात ओता, मग रिकामी पिशवी बांधून कचऱ्यात द्या. कागद शौचालयात टाकू नका, तुंबेल.

पाळीच्या दिवसांत चढायचे की नाही हे त्या मुलीने स्वतःच्या अंगातल्या ताकदीवरून ठरवावे, दुसऱ्या कुणी नाही. पॅड चार ते सहा तासांनी बदलावे. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून खाली आणावे. ते शेकोटीत नीट जळत नाही आणि पुरले तर कुत्री उकरतात. घंटागाडीत देताना पुडीवर लाल ठिपका काढावा. पुण्यातल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ही खूण सुरू केली, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईचा हात नकळत त्यात जात नाही. बदलण्याआधी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. नुसते सॅनिटायझर मळलेल्या हातावर पुरेसे काम करत नाही, म्हणून साबणाची एक छोटी वडी आणि अर्धा लिटर पाणी यासाठी वेगळे ठेवावे.

चढाईहून परतल्यावर दोन-तीन दिवस लघवीकडे लक्ष ठेवा. थोडी जळजळ झाली की आपण "उन्हाळी लागली" म्हणतो, सब्जाचे पाणी पितो आणि विसरतो. उन्हाने आणि पाणी कमी पडल्याने झालेली जळजळ भरपूर पाणी प्यायल्यावर दिवसभरात ओसरते. ती ओसरली नाही, पुन्हा पुन्हा थोडी थोडी लघवी होऊ लागली, किंवा तिला घाण वास येऊ लागला, तर लघवीची तपासणी करून घ्या. ती साधी तपासणी आहे आणि सरकारी दवाखान्यातही होते. थंडी वाजून ताप, बरगड्यांखाली पाठीत दुखणे, उलटी किंवा लघवीतून रक्त यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेले असू शकतात. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. आणि डॉक्टरांनी "लघवी दाबून धरली होती का?" असे विचारले तर मुलीला स्वतः उत्तर देऊ द्या, आईने मध्ये बोलू नये.